क्रशरवरचा गूळ

भुदरगडाच्या अंगाला चांगला गुळव्या हवा असला की लोक आकारामच्या दारात येत. काहिलीत रस उकळायला लागला की हा कडेला उभा राहणार, पाण्यात चार थेंब टाकून त्याची गोळी वळणार, आणि मगच म्हणणार, "उतरवा." त्याआधी गुऱ्हाळाचा मालक जरी ओरडला तरी काहील खाली यायची नाही. एका मालकानं एकदा घाई केली, तर हा पठ्ठ्या रस तसाच उकळत ठेवून घरी निघून आला होता. असा हेकट माणूस. पण हातचा गूळ असा की कोल्हापूरच्या अडतीत ढेप फोडल्याबरोबर व्यापारी नुसत्या वासावर विचारायचा, कुणी केलाय?

नव्वद सालानंतर साखर कारखान्यांनी ऊस ओढून नेला आणि गुऱ्हाळं एकेक करून विझली. आकाराम वर्षातला बराच काळ रिकामा बसू लागला. त्याच सुमाराला गावाच्या वरच्या माळावर क्रशर आला. माळाच्या पोटात पांढरी गार, म्हणजे गारगोटीचा दगड होता. आज्यापणज्यांनी ही गार चकमकीवर झाडून विस्तव पाडला असेल, त्यापलीकडं तिला कुणी विचारलं नव्हतं. आता ती खणायची, फोडायची, दळायची आणि तिची वाळू कोल्हापूरच्या फौंड्र्यांना साच्यांसाठी पाठवायची, असा धंदा हंबीररावांनी काढला. हंबीरराव शेजारच्या गावचे, बोलायला गोड, आणि गोड बोलणाऱ्याचं आपल्याकडं कधी काही अडत नाही. गावातल्या बऱ्याच बायका कामाला लागल्या. त्यांत आकारामची बायको विठाबाई होती.

विठाबाई म्हणजे गावाचा गळा. कुणाच्या घरची हळद असो, गाणं धरायला तीच लागायची, आणि ती वरच्या आळीत गायला लागली की खालच्या आळीतल्या बायका हातातलं काम सोडून निघायच्या. आकारामला बायकोचं कौतुक तोंडानं करता यायचं नाही. तो फक्त मांडवाच्या बाहेर तंबाखू मळत शेवटपर्यंत उभा राहायचा.

क्रशरवर तिच्याकडं काम होतं ते भुकटी पडायच्या तोंडाशी पोतं धरायचं. वाळू जाडी पडायची, भुकटी मात्र पिठापेक्षा बारीक, धुरासारखी वर उठायची. संध्याकाळी बायका घरी निघाल्या की भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. पोरं "म्हाताऱ्या आल्या, म्हाताऱ्या आल्या" म्हणून ओरडायची आणि बायकाही हसायच्या.

एक दिवस हंबीरराव आकारामच्या सोप्यात येऊन बसले.

"आकाराम, बायकांस्नी सांच्याला घरी जाताना गुळाचा खडा द्यायचा म्हंतोय. धुरळा खाली उतरतो त्यानं. पर बाजारचा पिवळाधमक नको. तुझ्या हातचा पायजे."

धुळीत काम करणाऱ्यानं गूळ खावा, ही आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. कापूस पिंजणारा खातो, गिरणीवाला खातो. आणि गूळ म्हटल्यावर कोल्हापूरच्या माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं. आकारामला तर ही समजूत पटायला त्याचा धंदाच साक्षीला होता. उकळत्या रसात भेंडीचं चिकट पाणी घातलं की सगळी मळी फेसाबरोबर वर येते आणि खाली रस काचेसारखा राहतो. तो बायकांना समजावून सांगायचा, "भेंडी रसाची मळी काढती, तसा गूळ छातीची काढतो बगा." बायकांना ते पटायचं. खरं सांगायचं तर कुणालाही पटलं असतं.

त्यानं परड्यात छोटी काहील मांडली. रोज सुटायच्या वेळी गुळाची पाटी घेऊन तो क्रशरच्या फाटकाशी उभा राहायचा आणि प्रत्येकीच्या हातावर खडा ठेवायचा. गुऱ्हाळं गेल्यावर हरवलेला मान त्याला त्या फाटकाशी परत मिळाला.

बाळाबाई नावाची एक तरणी बाई होती, जरा तोंडाळ. एकदा ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मालक, त्या तोंडावर पान्याची पायीप सोडा की. धुरळा बसंल तरी." आता पाणी सोडलं की भुकटी ओली होते, चाळणी तुंबते, माल उशिरा जातो. हंबीररावांनी नुसतं आकारामकडं पाहिलं. आणि आकाराम म्हणाला, "पानी कशाला गं? गूळ हाय न्हवं!" बायका हसल्या. बाळाबाईनं खडा तोंडात टाकला आणि घरची वाट धरली.

चार-पाच वर्षांत माळाची रया गेली. वाळू धुतलेलं पाणी ओढ्यात सोडायचे, त्यानं ओढा दुधासारखा पांढरा वाहू लागला आणि खालच्या विहिरीत गाळ बसला. उसाच्या पात्यावर बोट फिरवलं की बोट पांढरं व्हायचं. म्हशी तो पाला तोंडात घेऊन परत टाकायच्या. दगड काढून झालेले खड्डे तसेच उघडे टाकले होते, त्यांत कुणाची ना कुणाची शेळी पडायची. ग्रामसभेत ओरड झाली की हंबीरराव देवळाला फरशी बसवून द्यायचे. फरशी गुळगुळीत होती, ओढा पांढराच राहिला.

बाळाबाईला खोकला लागला. मग दम लागायला लागला, अंगावरचं मांस उतरलं, आणि ती वर्षाच्या आत गेली. लोक म्हणाले, टीबी. पाठोपाठ आणखी दोघी गेल्या, तोही टीबीच. हंबीरराव तिन्ही घरी बसायला गेले आणि तिन्ही घरी म्हणाले, "खाण्यापिण्याची आबाळ, दुसरं काय!"

मग विठाबाई खोकायला लागली. एका हळदीत गाणं धरलं आणि दुसऱ्या ओळीला श्वास पुरला नाही. ती हसून म्हणाली, "घसा बसलाय," आणि शेजारणीला पुढं केलं. मांडवाबाहेर आकारामच्या हातातला तंबाखू तसाच राहिला.

आता या माणसाचं डोकं कुठं गेलं पाहा. त्याला वाटलं, आपल्या गुळातच खोट आहे! काहिलीच्या तळाला हल्ली बारीक पांढरी रेव बसते, रस पूर्वीसारखा निवळत नाही, मग गुळाला गुण कुठून येणार? त्यानं ओढ्याकाठचा ऊस बंद केला आणि पार कुरुंदवाडच्या बाजूहून नदीकाठचा ऊस आणवला. भेंडीचं पाणी दुप्पट केलं. जीव ओतून असा गूळ केला की तसा त्याला उमेदीतही जमला नव्हता. विठाबाईच्या हातावर तो आता एकाऐवजी दोन खडे ठेवायचा. ती तो गूळ खायची, आणि सकाळी परत पोतं धरायला जायची. रोग एकीकडं, हा दुसरीकडं, आणि मध्ये बिचाऱ्या गुळाची परीक्षा!

तालुक्याच्या दवाखान्यात तिला टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. थुंकी तपासली तर साफ निघाली. "साफ निघती कधी कधी," तिथला माणूस म्हणाला आणि गोळ्या चालू ठेवल्या. पूर्ण औषध झालं, उतार नाही. डॉक्टर बदलून गेला, नव्यानं पुन्हा पहिल्यापासून तेच औषध दिलं. तिची लघवी तांबडी व्हायची, तोंडाची चव गेली, दम तिथंच. आणि इतक्या दिवसांत एकाही शहाण्यानं तिला विचारलं नाही, की बाई, तू काम काय करतेस?

ते विचारलं कोल्हापूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी. दोन हजार तीन साल असेल. मुलगी कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीला दिली होती, तिनं हट्टानं आईला त्यांच्याकडं नेलं. बाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि बराच वेळ पाहिला.

"मामा, या काय काम करतात?"

"क्रशरवर हाय. गारेची भुकटी पोत्यात भरती."

बाईंनी फोटो खाली ठेवला. "हा टीबी नाही. दगडाची धूळ आहे. आत जाऊन रुतलीय, फुफ्फुस त्याच्याभोवती घट्ट होत चाललंय."

"पर ती रोज गूळ खाती की," आकाराम म्हणाला. "माझ्या हातचा. धुरळा उतरत असतोय त्यानं."

बाई त्याला हसल्या नाहीत. स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "मामा, गूळ इथनं पोटात जातो. श्वासाची वाट निराळी. तुमचा गूळ तिथं पोचतच नाही."

आकारामनं फोटो उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाला, "मग आता औशद?"

"धुळीतनं बाहेर काढा त्यांना. आत गेली ती निघत नाही. पण बाकीच्या बायकांना अजून वाचवता येईल. तिथं पाणी मारायला लावा."

एसटीत विठाबाई खिडकीला डोकं टेकून बसली होती. आकारामच्या डोक्यात बाळाबाईची पायीप घुमत होती. त्याला स्वतःचा असा राग आला होता की समोरच्या सीटचा दांडा त्यानं गावापर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तो हंबीररावांकडं गेला. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डागदरांचं काय घिऊन बसलास? एक म्हंतो टीबी, दुसरा म्हंतो धूळ. बायको घरात ठेव, मी कुठं न्हाय म्हंतोय?" मग आकारामनं कोल्हापुरात कारखाने तपासणाऱ्या साहेबांच्या कचेरीत खेपा घातल्या. या टेबलावरून त्या टेबलावर, त्या टेबलावरून उद्या या. शेवटी एकदाची जीप आली. ती येणार हे आकारामला सोडून सगळ्यांना आधी कळलं होतं. त्या दिवशी क्रशरवर पाण्याची पायीप होती, बायकांच्या तोंडाला कोरी फडकी होती, आणि अंगणात सडा घातल्यासारखा माळ ओला होता. साहेबांनी कोंबडीचं जेवण केलं. जीप वळणाआड गेली आणि पायीप गुंडाळून ठेवली गेली.

आकारामनं हात टेकले नाहीत, पण त्याच्याकडं उरलं होतं काय? एक गूळ. त्यानं तोच बंद केला. त्याला वाटलं, खडा मिळाला नाही की बायका बिथरतील, काम अडेल, मग पाणी मागतील. सुटायच्या वेळी तो फाटकाशी रिकाम्या हातानं उभा राहिला आणि ओरडून सांगू लागला, "बायांनो, गुळानं काय हुत न्हाय! त्यो छातीत जातच न्हाय! मी खोटं बोललो. पानी मागा, पानी!"

बायका थबकल्या. एक म्हणाली, "सवताच्या बायकूला लागू पडला न्हाय म्हणून आमचा बंद करतासा व्हय?" दुसरी म्हणाली, "आदी गोड लागला, आता कडू झाला?" तो घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिला, पण पालथ्या घड्यावर पाणी. इतकी वर्षं त्यानंच तर त्यांना पटवलं होतं, आणि आकारामनं पटवलेलं इतक्या सहजासहजी निघत नव्हतं. तो महिनाभर रोज गेला. बायकांनी पाणी मागितलं नाही, गूळ मागितला. मग हंबीररावांनी बाजारातून पिवळाधमक गूळ आणून वाटायला सुरुवात केली, आणि बायकांनी त्यांना दुवा दिला.

विठाबाई आता अंथरुणाला खिळली होती. उशांना टेकून बसवावी लागायची, आडवी झाली की घुसमटायची. एका संध्याकाळी धोंडुबाई तिला भेटायला आली. धोंडुबाई तिची पोत्यावरची जोडीदारीण. एक पोतं दोघी दोन बाजूंनी धरायच्या. तिनं कनवटीची पुडी सोडली. आत गुळाचे बारके बारके तुकडे होते.

"आमी समद्यांनी आपापल्यातला थोडा काढून ठिवला," ती म्हणाली. "दाजींनी बंद केला, पर तुला का म्हणून बिनगुळाचं ठेवायचं?"

विठाबाईनं एक तुकडा उचलून तोंडात ठेवला. बोलायला तिच्याकडं श्वास नव्हता. तिनं धोंडुबाईचा हात नुसता धरून ठेवला.

आकाराम बाहेर पायरीवर बसला होता. धोंडुबाई निघाली, दोन पायऱ्या उतरली आणि खांबाला धरून थांबली. खांदे वर उचलून श्वास घेण्याची ती तऱ्हा आकारामला आता पाठ झाली होती. तो उठून उभा राहिला.

"धोंडे, तुला ह्यो दम कवापासनं?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, गाऱ्हाणंही नव्हतं. विचारलं म्हणून तिनं सांगितलं.

"तुमी गूळ बंद केलासा न्हवं दाजी, तवापासनं."