धोतऱ्याचा कौल

कडूबाईनं हात लावला की मिरचीचं रोप पिवळं पडतं, असं गावात पहिल्यांदा कोण म्हणालं देव जाणे. पण असली गोष्ट पसरायला काय वेळ लागतो! बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून हाताची सालटं गेलेली ही बाई. घर येरमाळ्याजवळच्या एका बौद्धवाड्यात. पुढं पाऊस झाला, सोसायटीनं विहिरीकाठी मिरचीची रोपं तयार करायला घेतली आणि तिला तिथं कायमचं काम लागलं. लई खूश होती. वाफ्याला पाणी देताना रोपांशी बोलायची.

दुसऱ्याच वर्षी पानांवर हिरवे-पिवळे डाग आले, पानं आकसली. चेअरमन हिंमतराव रोज सकाळी चक्कर मारायचे, तंबाखू मळत मळत रोपं उलटीपालटी करून बघायचे. ते म्हणाले, "कडूबाई, तुझ्या हाताला यश न्हाय. पुढल्या म्हैन्यापासनं येऊ नको."

हाताला यश नाही म्हणे! त्या बोलण्यामागं काय आहे ते तिला कळत नव्हतं होय? असलं बोलणं तिच्या बापानं जन्मभर ऐकलं होतं. तिच्या अंगाची लाहीलाही झाली.

त्याच आठवड्यात रोग तपासायला शेतकी खात्याचे गुरुसिद्धप्पा साहेब आले. त्यांनी बांधावरचा धोतरा कुंड्यांत लावून घेतला.

"तण कशाला जपताय, साहेब?" कडूबाईनं विचारलं.

"हेच तण रोग ओळखून देतं, मावशी."

रोगट पानाचा रस त्यांनी धोतऱ्याच्या पानावर चोळला. चौथ्या दिवशी त्यावर तपकिरी ठिपके उठले. साहेब म्हणाले, "विषाणू आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण हातानं पसरतो."

"बघा! म्या काय म्हणलं व्हतं?" हिंमतराव गरजले.

सगळ्यांच्या नजरा कडूबाईकडं वळल्या. पण बाई खमकी. पदर खोचून म्हणाली, "मग साहेब, उद्या कामाला लागायच्या आधी माझ्या हाताचं धुवण घ्या, आन चोळा धोतऱ्याला. पर एकटीचं न्हाय. वाफ्यात ज्याचा ज्याचा हात लागतो, त्या समद्यांचं."

हिंमतराव हसत तयार झाले. कर नाही त्याला डर कशाला!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी प्रत्येकाच्या हाताचं धुवण वेगवेगळ्या कुंडीतल्या पानाला चोळलं. पाचव्या दिवशी सगळे कुंड्यांभोवती जमले. तिचं पान कोरं करकरीत! बाकीच्या बायांचीही तशीच. आणि हिंमतरावांचं? देवी आल्यासारखं ठिपक्यांनी भरलेलं.

"हा विषाणू तंबाखूच्या पानातच असतो," साहेब म्हणाले. "पान वाळलं तरी मरत नाही. तुम्ही तंबाखू मळता आणि त्याच हातानं रोपं चाचपता."

"आन हिची मिसरी? ती तंबाखूच की!"

"ती तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली असते. त्यात काय जगतंय?"

हिंमतरावांचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण माणूस दिलाचा, चारचौघांत म्हणाले, "चुकलं माझं. काम तुझंच, कडूबाई."

साहेबांनी जाताना नियम घालून दिला: साबणानं हात धुतल्याशिवाय कुणीही आत जायचं नाही. दुसऱ्या दिवशी कडूबाई फाटकाशी कळशी, तांब्या आणि साबणाची वडी घेऊन उभी राहिली. सगळ्यांत आधी हिंमतराव आले आणि तांब्याकडं बघून थबकले. त्या गावात आजवर वरून पाणी ओतलं जायचं ते कडूबाईच्या माणसांच्या ओंजळीत. हिंमतरावांनी एकदा मागं वळून पाहिलं, मग दोन्ही हात तिच्यापुढं धरले.

"नखात बी चोळा, चेअरमन," कडूबाई म्हणाली आणि तिनं तांब्या भरून पाणी ओतलं.