जनाना डब्यातलं मडकं

मैत्रिणीच्या मुलीचं लग्न नागपुरात, धरमपेठेत. मी निवृत्त मुख्याध्यापिका. म्हणजे न जायला सबब उरली नव्हती. एवढा प्रवास एकटीनं नको, असं पुण्याच्या घरात, माझ्या बहिणीसकट, सर्वानुमते ठरलं. ते ठरेपर्यंत मी तिकीट काढून आले होते. एकट्या निघणाऱ्या भगिनींनी तिसऱ्या वर्गाचा जनाना डबा घ्यावा आणि अंथरूण आधीच पसरावं. नंतर जागा मागून मिळत नाही, रागावून मिळते. भुसावळला केळी घ्यावीत, चहा घेऊ नये.

बडनेऱ्याला दोघी चढल्या, पन्नाशीची यमुनाबाई आणि काडीसारखी सून शांता. सोबत एक काळंकुट्ट, थोरलं मडकं. त्यानं एका बाईची जागा अडवली. मी विचारलं, याचं तिकीट काढलंय का?

"तुमच्या वळकटीचं काढलं का, बाई?" यमुनाबाई म्हणाली.

माझ्याशी असं कुणी बोललं की माझं त्याच्याशी जमतं.

या सासू-सुना लग्नांत लांबपोळ्या करतात. मडकं चुलीवर पालथं घालायचं, सैल कणीक हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायची आणि तापल्या मडक्यावर टाकायची. नव्या मडक्यावर पोळी चिकटून फाटते. हे वर्षानुवर्षं तापून तयार झालेलं. याच्या जोडीचं मडकं मागच्या खेपेला रेल्वेच्या ब्रेकमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, फुटलं. उद्या सीताबर्डीत मोठी पंगत होती. हेही फुटलं तर पुढची लग्नं दुसऱ्याच कुणाकडे गेली असती.

वर्ध्याला गाडी थांबली आणि तिकीट तपासनीस डबे बघत येताना दिसला. यमुनाबाईचा चेहरा उतरला; एवढं मडकं दिसलं की तो ब्रेकमध्ये टाकायला लावणार. मी जन्मभर मुलींना खोटं बोलू नये हे शिकवलं. मी माझी शाल शांताकडे फेकली.

"मडकं मांडीवर घे. वरून शाल. आता कण्ह."

शांता कण्हली, जरा जास्तच.

दारात येऊन त्यानं विचारलं, यांना काय झालं?

"दिवस भरत आलेत," मी वर्गातल्या आवाजात सांगितलं.

"जुळं दिसून राहिलं," कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

तपासनीस मागच्या मागे उतरला. बुटीबोरीपर्यंत डबाभर बायका मडक्याचं नाव काय ठेवायचं यावर भांडत होत्या.

नागपूरला उतरतो तर तोच तपासनीस खुर्ची आणि दोन हमाल घेऊन दारात हजर. आता शांताला खुर्चीत बसावंच लागलं. फलाटावरून आमची मिरवणूक निघाली. लोक वाट देत होते, एका आजीनं तर मडक्याला आशीर्वाद दिला. बाहेर टांगा ठरवला (भाडं बसण्याआधी ठरवावं, नागपूरचे टांगेवाले नंतर फार गोड बोलतात). शांताला चढवून झाल्यावर तपासनीस हळूच म्हणाला,

"खाली ठेवू नका. गचका बसते."

शांतानं शालीसकट मडकं घट्ट धरलं.

"माझ्या बहिणीच्या लग्नात तुमच्याच पोळ्या होत्या, मावशी. मडकं दिसलं असतं तर मले ब्रेकमध्ये टाकावं लागलं असतं. पोटुशी बाईले कसं टाकू?"

"मंग मले एवढं कण्हू काहून दिलं?" शांतानं विचारलं.

धरमपेठेतलं लग्न यथासांग झालं. भाषणं लांब, जेवण बेताचं. पण त्याच्या आदल्या दिवशी मी सीताबर्डीतल्या त्या पंगतीत बिनबोलावता जाऊन बसले. वधूपक्षाला वाटलं मी वरपक्षाची, वरपक्षाला वाटलं वधूपक्षाची. दोघांनीही आग्रह केला. पोळी रुमालासारखी घडी घालून पानात पडते, वर तुपाची धार. चुलीजवळ शांता, सडपातळ, हात झुलवत होती. मला पाहून मुद्दाम एकदा कण्हली.

पुण्यात परतल्यावर पाहिलं तर शालीवर काजळीचं मोठं वर्तुळ. धोब्यानं हात टेकले. बहिणीनं विचारलं, एवढ्या लांब सोबत तरी कोण होतं? मी शाल पुढे केली आणि सगळं सांगितलं, मिरवणुकीसकट. तेव्हापासून घरात मला एकटीनं जाऊ नको असं कुणी म्हणत नाही. बहीणच विचारते, पुढच्या खेपेला मी येऊ का?