शकुताईंचं एक्स्चेंज

कांजूरमार्गची इमारत नव्याने बांधायला पाडली, तेव्हा बिल्डरने सगळी बिऱ्हाडं उचलून मालाडच्या एकाच इमारतीत ठेवली. तिथे वायफाय फुकट, पण खोलीमागे एकच यंत्र चालायचं. मोबाइलच्या रेंजचं तर नावच नको. शकुताईंचं घोडं इथेच पेंड खात होतं.

त्यांच्या संघमित्राची पीएचडीची तोंडी परीक्षा शनिवारी अकराला, ऑनलाइन होती. ऐकायला कुणीही यावं, पण परीक्षा देणाऱ्याच्या खोलीत दुसरं माणूस नको, असा नियम. म्हणजे वायफाय लॅपटॉपला आणि आई बाहेरच्या सामाईक गॅलरीत कोरडी!

"आई, मी नंतर सगळं सांगेन ना तुला," संघमित्रा म्हणाली.

"सांगू नकोस. मला ऐकायचंय."

ताई टेलिफोन एक्स्चेंजात बत्तीस वर्षं ऑपरेटर होत्या. हजारो लोकांचे ट्रंक कॉल जोडले, पण जोडून दिलं की कानावरचं बटण बंद. दुसऱ्याचं बोलणं ऐकायची सक्त मनाई, आणि ताईंनी ती पाळली. आता पोटच्या पोरीचंही ऐकायचं नाही म्हणजे काय! त्यांनी साबणाच्या वडीएवढा प्रवासी राउटर मागवला, एका वायफायवर अनेक यंत्रं चालवणारा डबा.

शुक्रवारी सकाळी पदर खोचून, चष्मा चढवून त्या बसल्या. डब्याला वीज दिली. फोन डब्याला जोडला. फोनवर डब्याचं सेटिंगचं पान उघडून यादीतून इमारतीचं वायफाय निवडलं, खोलीचं लॉगिन भरलं. इमारतीला वाटणार, एकच यंत्र आलंय. त्याच्या पोटात आपलं खासगी जाळं! जाळ्याला नाव दिलं 'शकु एक्स्चेंज'. पासवर्ड ठेवला जयभीम१८९१. फोनवर वायफायची खूण उमटली तशा ताई चक्क टाळ्या पिटत उठल्या.

"झकास! अगं संघमित्रा, लागली लाइन!"

शनिवारी अकराला संघमित्रा दार लावून लॅपटॉपसमोर बसली, ताई गॅलरीत फोन घेऊन. खाडीच्या चिखलातल्या जंतूंवर पोरगी असं काही बोलत होती की ताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि विसाव्या मिनिटाला चित्र थिजलं. आवाज तुटायला लागला.

ताईंनी डब्याचं पान उघडलं. लॅपटॉप आणि फोन, अशी दोनच यंत्रं असायला हवी होती, तिथे अकरा! शेजारच्या विकीचा फोन, समोरच्या माधुरीचा टीव्ही... अख्खा मजला आत. चूक ताईंचीच होती. दरवर्षी भीमजयंती करणाऱ्या कांजूरच्या त्या इमारतीतल्या माणसाला हा पासवर्ड ओळखायला डोकं कशाला लागतंय? बदलावा, तर सगळ्यांबरोबर संघमित्राही बाहेर फेकली जाणार.

मग त्या गॅलरीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि ट्रंक कॉलची वेळ संपली की लावायचा तो बत्तीस वर्षांचा आवाज बाहेर काढला. "तीन मिनिटं झाली! लाइन सोडा! संघमित्राची परीक्षा चाललीय!"

"वाट लागली! सोडली ताई, सोडली!" विकी ओरडला. माधुरीने टीव्ही बंद केला. यादीतली नावं एकेक करून गळाली आणि दोन उरली. पोरीचा आवाज पुन्हा खणखणीत यायला लागला. मजल्यावरची मंडळी चोरपावलांनी गॅलरीत ताईंच्या फोनभोवती जमली.

शेवटी परीक्षक म्हणाले, "ऐकणाऱ्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

ताईंचं बोट फोनवरच्या माइकच्या बटणावर गेलं. बत्तीस वर्षांत जोडलेल्या लाइनीवर त्या स्वतःचं असं कधी काही बोलल्या नव्हत्या. आज त्यांनी बटण दाबलं.

"प्रश्न नाही सर. मी तिची आई. कळलं थोडंच, पण सगळं ऐकलं."

पडद्यावर संघमित्राने चष्मा काढून डोळे पुसले. परीक्षक हसले. "मग बाई, हेही ऐका. तुमची मुलगी आजपासून डॉक्टर."