कराडला फलाट कुठल्या बाजूला येतो?

हंपीला जायचं पक्कं झालं ते नवऱ्याच्या एका प्रश्नामुळं. "दगड बघायला एवढं लांब?" म्हटलं, तू बस घरी. मी साताऱ्यात शिवणाचे क्लास घेते, वय त्रेपन्न, आणि एकटीनं फिरायची मला भीती नाही. मला फक्त खिडकी लागते. लोअर बर्थ मिळाला नाही तर मी तारीख बदलते, पण मधे बसत नाही.

जाणाऱ्यांसाठी सांगते. सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीला आहे. सकाळी रिक्षावाले दीडशे मागतात, घासाघीस न करता देऊन टाकावेत. राजस्थानकडून बंगळूरला जाणारी गाडी धरायची, हुबळीला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी हंपीजवळचं होस्पेट गाठायचं. तिकीट स्लीपरचंच काढा. एसीच्या काचेतून ऊससुद्धा आजारी दिसतो.

माझ्या सतरा नंबरच्या खिडकीत एक पोरगी तान्हं बाळ घेऊन बसली होती. "ही माझी सीट," मी म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, मोबाइल काढून तिकीटही दाखवलं. ती बाळाला घेऊन मधे सरकली आणि तिचा नवरा आणखी अंग चोरून कडेला झाला. मी निवांत खिडकीला टेकले.

पलीकडच्या साइड लोअरवर आरएसीवाले दोघं होते, म्हणजे एकाच बर्थवर अर्धे अर्धे. एक बेळगावला निघालेले रिटायर सुभेदार, दुसरे सांगलीचे कापडव्यापारी. मधे हद्द म्हणून एक पिशवी.

"शेठ, तुमची पिशवी माझ्या हद्दीत घुसलीया."

"पिशवी जाग्यावरच हाय. सुभेदार, तुमीच पसरलाय."

पुण्यापासून हेच चाललं होतं म्हणे. कोरेगाव गेल्यावर मी कंदी पेढ्यांचा पुडा उघडला तेव्हा कुठं तह झाला. पेढा खाऊन पोरगीही बोलती झाली. तिचं नाव वैशाली, माहेर आटपाडीचं, नवऱ्याचा जोधपूरला गलाईचा धंदा. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं ते काम. विटा-आटपाडीची माणसं त्यापायी देशभर पांगलेली आहेत. आता ती दोघं दिराच्या नव्या दुकानासाठी दावणगेऱ्याला निघाली होती.

थोड्या वेळानं ती चाचरत म्हणाली, "ताई, कराडला वाईच खिडकी द्याल का? अप्पा येणार हायती फलाटावर. त्यांनी अजून ह्याला बघितलं न्हाई."

"म्हणजे?"

"आई न्हाई मला. बाळातपण तिकडंच झालं. अप्पांना मेंढरं सोडून जोधपूरला येता येत न्हाई. आन् परत जाताना आमची गाडी सोलापूरवरनं हाय."

आठ महिन्यांचा नातू, आणि गाडी थांबणार जेमतेम दोन मिनिटं. मला माझीच लाज वाटली. मी ताडकन उठले. "बस इथं. कराड माझं माहेर आहे, फलाट ह्याच बाजूला येतो, डोळे झाकून सांगते." मग मीच सगळ्यांना कामाला लावलं. तिच्या नवऱ्याला दाराशी उभं केलं, बाळाचं टोपडं सारखं केलं, खिडकीतल्या बाटल्या हलवल्या. वैशाली गजाला नाक लावून बसली.

गाडी कराडात शिरली आणि आमच्या खिडकीसमोर आले रिकामे रूळ आणि पलीकडं बाभळी. दुसरी लाइन झाल्यापासून गाडी कुठल्या फलाटावर घेतील याचा नेम नाही, आणि मी बघत होते माझ्या लहानपणीचं कराड.

"आवं ताई, फलाट हिकडं हाय!" सुभेदार ओरडले. मधल्या वाटेत उतरणाऱ्यांची ट्रंका-पोत्यांसकट ही रेटारेटी. वैशालीला हलता येईना, ती रडकुंडीला आली. सुभेदारांनी हद्दीची पिशवी सरळ वरच्या बर्थवर भिरकावली, शेठ सीटवर उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगं द्या हिकडं!" मी वैशालीकडून बाळ घेतलं, लोकांच्या डोक्यांवरून ते माझ्या हातातून शेठच्या हातात आणि तिथून त्यांच्या खिडकीत गेलं. वैशाली कशीबशी मागून पोचली.

खांद्यावर घोंगडं टाकलेले अप्पा डबे बघत पळत येत होते. जावयानं दारातून हाक मारली. त्यांनी गजातून हात घातला, बाळाच्या तोंडावरून फिरवला, आणि बाळानं त्यांचं बोट पकडलं.

"नाक तुज्या आईचं हाय गं," अप्पा म्हणाले.

"चढा वर, सांगलीला उतरा की!" सुभेदार म्हणाले.

"मेंढरं दुसऱ्याच्या जिवावर सोडून आलोय, साहेब." गाडी हलली. अप्पा बोट न सोडवता बरोबर चालत राहिले, मग हात सुटला. वैशाली डोळे पुसत हसत होती. सांगलीत उतरताना शेठनी बाळाच्या नावानं आम्हा सगळ्यांना भडंग घेऊन दिलं, आणि सुभेदारांनी पूर्ण बर्थ मिळूनही अर्ध्यावर बाळाला झोपवलं.

हंपी सुरेख आहे. दोन दिवस पुरत नाहीत, उन्हाची टोपी न्या, नदीकाठी टोपलीसारख्या गोल नावेत जरूर बसा. मी मन भरून फिरले आणि आनंदात परत आले. नवऱ्याला दगडांचे सगळे फोटो दाखवले, त्यालाही आवडले.

पण शिवणाच्या मशीनवर बसले की आठवतात ते अप्पा. मला ठाऊक आहे, ते खूश होऊन घरी गेले असतील. तरी त्यांच्या दोन मिनिटांतलं निदान अर्धं मिनिट माझ्या ठामपणानं खाल्लं, आणि ते मला कुठंच परत करता येत नाही.