तिघांच्या पोर्टफोलिओतला चौथा हात

आमच्या पोर्टफोलिओत कुणीतरी हात घातला होता. कोण ते ज्याचं त्याला माहीत. पण अजून एकदाही पुढे येऊन कबूल केलेलं नाही, हा शुद्ध भित्रेपणा आहे! आम्ही तिघं भेटलो की एक किस्सा निघतो, त्याला दुसरा चिकटतो आणि समोरचा चहा गार होतो. आता तर इतके साठलेत की कुठला आधी सांगायचा यावरच भांडण होतं.

तिघं म्हणजे मी, मंजुनाथ आणि अंजली. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. नुकतेच आर्किटेक्ट झालो होतो. धारवाडला सप्तापुरात घरमालकीण अक्कांच्या माडीवर एक खोली घेतली होती, तिथे दिवसभर नकाशांच्या शीट काढत बसायचो. मला बंगळूरचं एकच ऑफिस हवं होतं, मातीच्या विटांची घरं बांधणारं. त्यांची अट अशी, की पोर्टफोलिओवर ‘सर्व काम माझ्या स्वतःच्या हाताचं आहे’ असं लिहून सही करायची. तिथे नाही जमलं, तर दिवाळीपासून हुबळीत अप्पांच्या कापडदुकानात गादीवर बसायचं, हे घरी ठरलेलं होतं.

सही करायला मी उतावीळ होतो. मला कसली भीती?

*

सुरुवात रेझ्युमेपासून झाली. विद्यानगरातल्या डीटीपीवाल्याकडे कुणा सीनियरची फ्लॉपी पडून होती. सगळी बॅच त्याच फाइलमध्ये नाव बदलून प्रिंट काढायची. त्यामुळे सगळ्यांचा छंद एकच, पोहणं! मंजुनाथ तर तळ्याच्या काठावरूनही जपून चालतो. फाइलच्या शेवटी रेफरन्स म्हणून कुणा अनोळखी गृहस्थांचं नाव आणि फोन नंबर होता. तो काढायला मंजुनाथ विसरला.

देशपांडे नगरातल्या एका आर्किटेक्टनी त्याला इंटरव्ह्यूला बोलावलं. बसल्या बसल्या म्हणाले, “तुमच्या रेफरन्सला फोन केला होता. फार चांगलं बोलले. पोरगा डावखुरा आहे म्हणाले, पण रेघ सरळ मारतो.”

मंजुनाथ डावखुराच आहे.

बाहेर येऊन त्याने एसटीडी बूथ गाठला आणि रेझ्युमेवरचा नंबर फिरवला. एकदा, दोनदा. बूथवाल्याने कागद ओढून घेतला, बोटाने आकडे मोजले.

“यात एक आकडा कमी आहे की हो! हा कुणालाच लागायचा नाही.”

*

मोजमापाचं तर विचारूच नका. कॉलेजात एखादी जुनी इमारत टेपने मोजून तिचा नकाशा करावा लागतो. मी आणि मंजुनाथने अळणावरच्या वाटेवरचं एक बंद पडलेलं लाकडाचं गोदाम घेतलं होतं. पोर्टफोलिओसाठी तीच शीट नव्याने काढायला बसलो, तर बाहेरची लांबी आणि आतल्या खोल्या अधिक भिंती, यांचा मेळ बसेना. सात फूट गायब!

“टेप धरून झोपला होतास का लेका?”

“मी? शून्याचं टोक तुझ्या हातात होतं!”

परत गेलो. भर दुपारी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सात फूट कमी. कुठे दार नाही, कोनाडा नाही, भिंत ठोकली तर भरीव. म्हातारा वॉचमन विडी ओढत आमची कसरत बघत होता.

“सात ना?” तो म्हणाला. “मग बरोबर आहे. सगळ्यांचे सातच कमी येतात.”

एक भिंत जाड दाखवून हिशोब जुळवता आला असता. मला ते पटेना. तेवढी जागा शीटवर कोरी सोडली.

*

अंजलीने हॉस्पिटलचा प्लॅन ट्रेसिंग पेपरवर काढला आणि अमोनिया प्रिंटला दिला. प्रिंट आली, तर एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘दार बाहेर उघडा.’ ट्रेसिंग उजेडासमोर धरलं. त्यावर काही नव्हतं. प्रिंटवाल्याकडून आणखी दोन प्रती काढून आणल्या. दोन्हींवर तेच, त्याच जागी.

मी तावातावाने म्हणालो, “फाडून टाक! दुसऱ्याचं अक्षर आपल्या शीटवर?”

अंजलीने पट्टी ठेवून तपासलं. दार आत उघडलं की खाटेवर आपटत होतं.

“भूत असलं तर असू दे,” ती म्हणाली, “आपल्या सरांपेक्षा नीट बघतंय!”

तिने दार बदललं. पुढच्या प्रिंटवर अक्षरं नव्हती.

*

अंजलीने पुण्याच्या एका ऑफिसला पोर्टफोलिओ कुरिअर केला, तो अकरा शीटचा. अनुक्रमणिकेतही अकराच. पंधरा दिवसांनी पत्र आलं: ‘आपल्या बाराही शीट आवडल्या, विशेषतः शेवटची, अंगणाची. रुजू व्हावे.’

तिने आयुष्यात अंगण काढलेलं नव्हतं.

“त्यांना खरं कळव,” मी म्हणालो, “नाहीतर नोकरी घेऊ नकोस.”

“माझ्या घरी येऊन तू हे सांग, मग बघू!”

ती रुजू झाली. पहिल्याच दिवशी साहेबांनी ती शीट तिच्यासमोर पसरली. “हे झाड इतकं कोपऱ्यात का घेतलंत?” अंजली सांगते, तिने उत्तर दिलं, आणि ते बरोबर निघालं.

*

आता माझं.

बाजारपेठेचं मॉडेल मी एकट्याने केलं होतं. करंगळीच्या पेराएवढी कागदी माणसं कापून गोंदाने चिकटवली होती, ओट्यांवर, कमानींखाली. जिना तेवढा मोकळा ठेवला, पायऱ्या स्वच्छ दिसाव्यात म्हणून.

हुबळीत स्टेशनजवळच्या स्टुडिओत फोटो काढले. स्टुडिओवाल्या अण्णांनी कॅमेरा स्टँडवर चढवला, दार लावलं, पंखा बंद केला.

“आठ सेकंद शटर उघडं राहणार. श्वास धर, जे हलेल ते पुसट येईल,” म्हणाले.

धरला.

फोटो मिळायचे त्या दिवशी मी बाकी सगळं बांधून, बंगळूरच्या अर्जावर सही करूनच स्टुडिओत गेलो. चारला कुरिअर बंद होणार होतं. अण्णांनी फोटो काउंटरवर मांडले. कमानी, ओटे, कौलांची एकेक कड, सगळं कसं कोरून काढल्यासारखं! मी पाकिटात भरायला हात पुढे केला, तर त्यांनी एक फोटो बोटाखाली दाबून धरला. चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिला.

“सगळं झकास आलंय, तम्मा. फक्त जिन्यावरच्या त्याला सांगायचं होतंस, आठ सेकंद हलू नको म्हणून.”