फुटबॉलच्या पंपाची कॉफी

घाम न गाळता झालेल्या कुठल्याही गोष्टीवर आमच्या व्याह्यांचा विश्वास नाही. नवीन जालन्यातल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर पीटी शिकवली. निवृत्तीनंतरही पांढरी पँट सुटली नाही, आणि गुलाबाला पाणी घालताना त्याने सावधान उभं राहावं अशीच त्यांची अपेक्षा असते.

माझी मुलगी लग्न होऊन त्यांच्या घरी गेली. बेंगळुरूची नोकरी ती आता जालन्यात घरात बसूनच करायची. बोलणं बेताचं, हसणं जवळजवळ नाहीच. व्याह्यांना त्याचा घोर लागला. खोदून खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काही नाही बाबा, ऑफिसातली एस्प्रेसो आठवते." झालं! जन्मभर गोड चहा प्यायलेला हा माणूस कॉफीच्या मागे लागला. जावई म्हणाला, मशीन आणू. त्याच्यावर डाफरले, "आपले हात काय शोभेला हायेत?"

बारीक पूड, थोडं पाणी आणि जबर दाब, एवढं त्यांना कळलं होतं. दाब म्हटल्यावर पीटीच्या मास्तरांना फुटबॉलचा पंपच आठवणार. मी नेमका त्याच दिवशी मंठ्याहून आल्तो. खाली भोकं पाडलेला डबा, आत कॉफी आणि कढत पाणी, झाकणात पंपाची सुई. "पाव्हणं, आता बघाच," म्हणून त्यांनी पंप मारायला सुरुवात केली आणि झाकण उडालं. कॉफी भिंतीवर, कॅलेंडरवर, पांढऱ्या पँटवर. नशिबानं कुणी भाजलं नाही. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "प्या आता भिंत चाटून."

आणि माझी मुलगी हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. त्या घरात तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग पंप गेला, गाळणी आली. गाळणीत कॉफी, वर नेमकी बसेल अशी वाटी आणि वाटीवर दोन्ही तळहातांचा भार. मुलगी घोट घेऊन म्हणायची, "जवळ आलंय, बाबा." व्याही म्हणायचे, "मंग उद्या बिलकुल बराबर करतो!"

यंदा मुलगी-जावई नोकरीपायी पुण्याला गेले. परवा व्याह्यांकडे गेलो, तर चहा पुढे करत म्हणाले, "खरं सांगू पाव्हणं? एकदा बी जमली न्हाई. पोरगी माझ्यासाठी पिऊन राह्यली व्हती. आता आफिसात मशीन हाय म्हणं."

"ती तिथं कॉफी पीतच नाही," मी म्हणालो. "फोनवर सांगत होती. म्हणे, तिथली नको वाटते."

व्याह्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "झोप तरी चांगली लागत असंल तिला."