काशीबाईच्या तीन बाटल्या

तुम्ही कधी कुणाला रक्त दिलंय का? दिलं असेल, तर नंतर चहा कोणी दिला ते आठवतंय? आमच्या कर्जतच्या इस्पितळात सत्तरच्या दशकात ज्यांनी रक्त दिलं, ते सुई विसरले, पण काशीबाईला विसरले नाहीत. बाजारात भेटले की अजून तिच्याबद्दल बोलतात.

मी मॅट्रिक झालेली. रक्त घेण्याच्या खोलीत वहीत नाव आणि गट लिहायचा, बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची, हे माझं काम. तिथं कसले आलेत किस्से, असं वाटेल. पण घाबरलेला माणूस खाटेवर आडवा झाला की बोलायला लागतो, आणि ऐकायला मी असायचे. वह्या भरत गेल्या तशा गोष्टीही साठत गेल्या. त्यातल्या काशीबाईच्या ऑपरेशनच्या आसपासच्या तेवढ्या सांगते.

*

काशीबाई आमच्याकडची आया. रक्त दिलेल्या माणसानं चहा प्यायचा आणि ती ‘ऊठ’ म्हणेपर्यंत खाट सोडायची नाही, हा तिचा कायदा. डॉक्टरांनी दहा मिनिटं सांगितली होती, पण काशीबाईचा घड्याळावर विश्वास नव्हता. ती माणसाचे ओठ बघायची, नखं बघायची आणि मग ठरवायची.

एकदा एक हवालदार रक्त देऊन लगेच उठायला लागला. ड्यूटी आहे म्हणाला. काशीबाईनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला.

“पड गप. तुजी ड्यूटी मी सांगंन तवा.”

हवालदार पडला. थोड्या वेळानं त्याला शोधत त्याचे साहेब आले. काशीबाईनं त्यांनाही स्टूल दिलं, चहा दिला आणि बसवून ठेवलं. हवालदाराला उठायची परवानगी मिळाली, तेव्हा त्याच खाटेवर साहेब बाही वर करून आडवे झाले होते.

*

पोटाची मोठी ऑपरेशनं करायला एक सर्जन दर गुरुवारी पुण्याहून घाट उतरून यायचे. आम्ही त्यांना गुरुवारचे डॉक्टर म्हणायचो. रक्ताच्या बाबतीत ते फार हात राखून असत.

एकदा डोंगराकडच्या एका आजोबांचं ऑपरेशन झालं. त्यांना सलाइन लावलेलं, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला रक्त. आजोबांची माणसं रागावली. “त्याला लाल बाटली नि आमच्या म्हाताऱ्याला पांढरी? आमी काय परके हाव?”

डॉक्टरांनी त्यांना बाकावर बसवून समजावलं. “रक्त म्हणजे टॉनिक नव्हे. दुसऱ्याच्या अंगातली वस्तू आहे ती. अडलं तर द्यायची, आणि अडेल तेवढीच. कमी लागलं तर माणूस लवकर घरी जातो.”

मंडळींना काही ते पटलं नाही. पण संध्याकाळी शेजारच्याला हुडहुडी भरून ताप आला. तो दोन दिवसांत उतरलाही, पण तेवढ्यात आजोबा व्हरांड्यात फिरायला लागले होते. तेव्हा तीच माणसं माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, “ताई, त्यांना पांढरी आनखी एक लावा ना.”

*

किती रक्त द्यावं लागेल, हे मोजायची डॉक्टरांची एक रीत होती. ऑपरेशनमध्ये रक्त टिपलेले कापडाचे तुकडे ते तोलायला लावत. त्यातून कोऱ्या तुकड्यांचं वजन वजा केलं की रक्त किती गेलं ते कळायचं. त्यासाठी तराजू लागायचा, आणि इस्पितळात चांगला तराजू एकच होता, स्वयंपाकघरातला.

आमचे आचारी सावंतमामा. तराजू कशाला नेला हे समजलं तेव्हा ते तडक डॉक्टरांपुढे उभे राहिले. म्हणाले, ह्यात मी आता साखर तोलायची नाही. डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारी त्यांना नवा तराजू आणून दिला. मामांनी नवा फळीवर ठेवला. पण जुन्यावरचा त्यांचा हक्क काही सुटला नाही. दर गुरुवारी तो उकळत्या पाण्यानं धुऊन, पुसून, स्वतः थिएटरच्या दाराशी आणून ठेवायचे आणि मला बजावायचे, “दांडीला हात लावू नकोस. तिला माझीच सवय आहे.”

*

मग काशीबाईचंच जेवण कमी झालं. लुगडं कमरेला सैल पडायला लागलं. विचारलं की म्हणायची, उन्हाळा हाय. एका गुरुवारी डॉक्टरांनी तिला हाक मारून टेबलावर झोपवलं आणि पोट तपासलं. जठरात गाठ होती.

त्या काळी त्या रोगाचं नाव रोग्यापुढे घेत नसत. डॉक्टरही साधी गाठ आहे म्हणाले. काशीबाई टेबलावरून उतरली, टेबल पुसलं आणि म्हणाली, “सायेब, वीस वरसं तुमच्यासारक्यांच्या बादल्या उचलतेय. कापायची कंदी ते सांगा.”

दोन गुरुवार सोडून तिसरा ठरला. तोवर अंगात थोडी ताकद भरायची, आणि हाताशी तीन बाटल्या रक्त ठेवायचं. ते मिळालं नाही तर डॉक्टर हात लावणार नव्हते, आणि गाठ थांबणार नव्हती. मी तिचा गट तपासून घेतला. ओ निगेटिव्ह. असं रक्त फार थोड्यांचं असतं आणि त्यांना दुसरं चालत नाही. माझ्या वहीत तशा गटाचा एकच माणूस निघाला, मोहोपाड्याच्या कारखान्यातला पाटील नावाचा फिटर. निरोप गेला त्याच दिवशी तो सायकल मारत आला. एक बाटली झाली.

*

बातमी फुटली आणि माणसं यायला लागली. कधी ना कधी काशीबाईनं ओरडून झोपवलेली सगळी. भिसेगावातून तर आख्खी आळी बोट टोचून घ्यायला आली. कुणाचंच जुळेना.

लक्ष्या टांगेवाला दोनदा येऊन गेला होता. त्याचा गट बी पॉझिटिव्ह, हे मी त्याला वहीत दाखवलं होतं. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी म्हटलं, लक्ष्मणभाऊ, गट जन्मभर बदलत नसतो.

“तवा मी उपाशी व्हतो, ताई. तवाचं धरू नका. आज मटण खाऊन आलोय.”

मी पुन्हा बोट टोचलं. काय करणार? बी पॉझिटिव्हच आलं. त्यानं ती काचेची पट्टी उजेडाकडे धरून बघितली. मग बाहेर गेला. त्या दिवसापासून रक्त द्यायला येणाऱ्या कुणाचंही भाडं त्यानं घेतलं नाही.

*

दुसरी बाटली कुंभिवलीच्या गायकवाड मास्तरांची. प्राथमिक शाळेचे शिक्षक. छप्पन्न साली बुद्ध धम्म घेतलेल्या घरातले. ते बाही दुमडत होते तेव्हा काशीबाईचा थोरला भाऊ धोंडूदादा तिथंच बसलेला. खालापूरकडचा भातशेती करणारा म्हातारा. बहिणीसाठी रोज घरचं दूध आणायचा, पण बोट टोचून घ्यायचं नाव काढलं की त्याला लगेच गुरांची आठवण व्हायची.

मास्तरांचं नाव ऐकून तो चुळबुळला. बहिणीला म्हणाला, “कुना घरचं हाय ते बगून तरी घे गं.”

माझी तर मान वर होईना. काशीबाई मास्तरांसाठी चहा गाळत होती. गाळणं खाली ठेवून म्हणाली, “दादा, ह्या फरशीवरचं समद्यांचं रगत मी पुसलंय. येकाचंबी येगळं दिसलं नाय.”

मास्तर खाटेवर आडवे होत शांतपणे म्हणाले, “धोंडूकाका, माझं नको असेल तर तुमचं द्या. बहीण तुमची आहे.”

धोंडूदादा उठला, दुधाची किटली तिथंच विसरून निघून गेला. पाच दिवस आला नाही. मास्तरांचं रक्त घेतलं. पण तिसरी बाटली काही मिळेना.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धोंडूदादा दारात उभा. बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली, डोळे घट्ट मिटलेले. “टोच,” म्हणाला.

ओ निगेटिव्ह.

*

गुरुवारी सकाळी त्याचं रक्त घेतलं. आत जायच्या आधी काशीबाई त्याच्या खाटेपाशी आली. तिनं त्याचे ओठ बघितले, नखं बघितली. चहाचा पेला उशाशी ठेवला आणि म्हणाली, “मी सांगंपतूर उटायचं नाय.” मग आपल्या पायांनी थिएटरमध्ये गेली.

मी दाराशी कापडं तोलत बसले. सावंतमामा दांडी धरून उभे. मी आकडे सांगायचे आणि आत डॉक्टर ऐकायचे. दुपार झाली. पहिली बाटली लागली, मग दुसरी. तिसरी तशीच राहिली. अखेर दार उघडून डॉक्टर बाहेर आले. गाठ पुरती निघाली म्हणाले. मामांनी दांडी सोडली आणि भिंतीला टेकून खालीच बसले.

मी धावत खोलीत गेले. धोंडूदादा खाटेवर तसाच. चहा निवून साय धरलेली. मी त्याला सगळं सांगितलं. बहीण अजून गुंगीत आहे आणि तुमची बाटली लागलीच नाही, हेही सांगितलं.

“मंग मी आडवा कशाला झालो?”

पण उठला नाही. सिस्टरनं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. मास्तर शाळा सुटल्यावर आले, त्यांनीही हात पुढे केला. धोंडूदादानं तो हात धरून ठेवला, पण पाठ काही उचलली नाही. “ती सांगल तवा उटन,” एवढंच म्हणाला. मास्तर स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीबाईनं नीट डोळे उघडले. तिचे ओठ हलताना बघून मी कान जवळ नेला. “दादाला म्हणावं, ऊट.” मी जाऊन निरोप सांगितला. धोंडूदादा उठला आणि चहा प्याला.